भाताचे बी निवडताना

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, शाळेला सुट्टी असताना, नववीतील एका विद्यार्थ्याचे आजोबा नातवास घेऊन माझ्या बिऱ्हाडी आले. त्यांच्या हातात दुकानातून आणलेली भाताच्या बियाण्याची पिशवी होती. आजोबांचे अक्षरज्ञान बेताचेच. नातवाने पिशवी त्यांस वाचून दाखविली होती. परंतु नातवाच्या वाचण्यावर त्यांचा पुरता भरवसा बसलेला दिसला नाही. ते म्हणाले, “मास्तर, यावरचा आकडा तेवढा वाचून सांगा. ज्या पिशवीवर सगळ्यात मोठा आकडा असेल तेच बी पेरायचं, असं आम्ही घरात ठरवलंय.”

मी आकडा वाचला. तो खरोखरीच मोठा होता. मग मी विचारले, “आजोबा, हे बी टाकायचे कोणत्या शेतात?” त्यांनी खिडकीतून खाडीच्या बाजूस बोट दाखविले.

त्या बोटाच्या दिशेत सगळा प्रश्न साठविलेला होता. अलिबाग, पेण, पनवेल, उरण, मुरूड, श्रीवर्धन या आपल्या किनाऱ्यावरील तालुक्यांत पुष्कळ कुटुंबांची जमीन थोडकी असते. तिच्यातून वर्षाचा तांदूळ, गुरांचा पेंढा आणि उरलेच तर मुलांच्या शाळेचा खर्च निघावयाचा असतो. बियाण्याची चूक जूनमध्ये होते आणि ती कळते ऑक्टोबरात. तोवर दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते. सबब या विषयावर मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी थोडे विस्ताराने लिहावे असे मनात आले. मी शेतकीचा पदवीधर नव्हे, विज्ञानाचा शिक्षक आहे. तथापि घरी अर्धा एकर भात आहे, आणि त्या अर्ध्या एकराने मला काय शिकविले ते पुढे येईलच.

बाजारात आज प्रत्येक नव्या बियाण्यास ‘हायब्रीड’ म्हणण्याची चाल पडली आहे. ती चुकीची आहे, आणि या चुकीपायी नुकसानही होते. भाताचे बी तीन प्रकारचे असते असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिले गावठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत पेरले गेलेले. दुसरे सुधारित, म्हणजे संशोधन केंद्रात निवडून किंवा दोन वाणांचा मेळ घालून, पुढे अनेक पिढ्या पारखून स्थिर केलेले. तिसरे संकरित, म्हणजे दोन भिन्न वाणांच्या संयोगापासून झालेली अगदी पहिली पिढी. सुधारित बी स्थिर असते. त्याचे पोर बापासारखे निपजते. संकरित बी स्थिर नसते. हा भेद ज्यास कळला त्यास अर्धा विषय कळला असे समजण्यास हरकत नाही.

ही पहिली पिढी जोमदार का असते, हे शास्त्रज्ञांनी प्रथम मक्यावर पाहिले. अमेरिकेतील जॉर्ज शल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०८ साली दाखवून दिले की, मक्याचे वाण स्वतःच्याच परागाने पुनःपुन्हा फळविले तर ते दुबळे होत जाते. पण अशा दोन दुबळ्या झालेल्या वाणांचा संकर केला की त्यांची संतती दोघांहूनही सरस निघते. मक्याचा तुरा झाडाच्या शेंड्यावर असतो आणि कणीस खोडाच्या बाजूस असते. तेव्हा ज्या ओळीस माता करावयाचे तिचे तुरे उपटून टाकले की काम झाले. शेजारच्या ओळीचा पराग वाऱ्याने येऊन कणसावर पडतो. या सोयीमुळे मक्याचे संकरित बी लवकर निघाले. आपल्या देशात मक्याच्या सुधारणेची अखिल भारतीय योजना १९५७ साली सुरू झाली आणि १९६१ साली पहिले संकरित मके शेतकऱ्यांस मिळाले.

भाताचे मात्र तसे नाही. भाताच्या एकाच लहानशा फुलात सहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर जवळजवळ असतात. सकाळी उन्हे वर आल्यावर फूल तासाभरापुरते उघडते, आणि बहुधा स्वतःच्याच परागाने फळून पुन्हा मिटते. एका लोंबीत अशी शंभरावर फुले. त्यांतील पुंकेसर चिमट्याने कोण आणि किती काढणार? म्हणून ज्याचा पराग मुळातच वांझ आहे असे भाताचे झाड शोधणे भाग होते. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांस १९७० साली हैनान बेटावर रानभातात असे झाड सापडले, आणि १९७६ पासून तेथे संकरित भाताची लागवड मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. भारतात पहिले संकरित भात १९९४ साली बाहेर पडले. आपल्या जिल्ह्यास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, १९९८ साली कर्जतच्या संशोधन केंद्राने ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिला. त्याची माता फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आलेले वांझ परागाचे वाण आहे. पुढे ‘सह्याद्री’ याच नावाने २, ३, ४ असे त्याचे भाऊही निघाले.

संकरित भाताचे बी तयार करताना शेतात मातेच्या व पित्याच्या आळीपाळीने ओळी लावतात. दोघांचा फुलोरा एकाच वेळी यावा म्हणून पेरणीचे दिवस मोजून मागेपुढे करतात. फुले उघडण्याच्या वेळी दोन माणसे दोर धरून तो पिकावरून ओढीत जातात, म्हणजे पित्याचा पराग उडून मातेवर पडतो. हे दिवसातून अनेकदा, आणि फुलोरा संपेपर्यंत रोज. इतकी मेहनत असल्यामुळे हे बी महाग असते, यात दुकानदाराची लबाडी नाही. अर्थात् हे बी लागतेही कमी. हेक्टरी सुमारे २० किलो, म्हणजे एकरी आठ किलो पुरते. आणि लावणी करताना एका ठिकाणी एक किंवा दोनच रोपे लावावयाची असतात. आपल्याकडे चार-पाच रोपांची जुडी खोचण्याची सवय आहे. ती न मोडता संकरित बी लावणे म्हणजे पैसे चिखलात रोवणेच होय.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या अर्ध्या एकरात संकरित भात लावला. पीक उत्तम आले. शेजारीपाजारी बांधावर येऊन पाहून गेले. मळणीच्या वेळी मला मोह पडला. इतके सुंदर बी घरात असताना पुढल्या वर्षी विकत कशास घ्यावे? मी एक गोणी निवडून, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेविली, आणि पुढल्या जूनमध्ये तेच पेरले. सप्टेंबरात शेताकडे पाहवेना. कुठे कमरेइतके झाड, कुठे गुडघ्याइतके. काही झाडे निसवली, तेव्हा काही अजून पोटरीतही आली नव्हती. काही लोंब्या ताठ उभ्या, हात लावावा तर सगळे पळंज. लाजेची गोष्ट ही की, मेंडेलचे नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करवून घेतो. ब्रून येथील मठातल्या त्या धर्मगुरूने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली छापले. पहिल्या पिढीत सर्व झाडे एकसारखी, दुसऱ्या पिढीत आजाआजीचे लपलेले गुण वेगवेगळे होऊन पुन्हा प्रकट, हे त्यांचे सार. संकरित भातात या दुसऱ्या पिढीत मातेकडचा वांझपणाही काही झाडांत वर येतो. म्हणून ते पळंज. फळ्यावरचे ज्ञान मी बांधापर्यंत नेले नव्हते, एवढाच याचा अर्थ. तेव्हा संकरित भात लावावयाचा तर बी दर वर्षी नवे घेतले पाहिजे आणि तो खर्च आधीच हिशेबात धरला पाहिजे. सुधारित बियाण्याचे तसे नाही. ते घरचे तीन वर्षेपर्यंत वापरून मग बदलले तरी चालते.

इतके झाल्यावर पिशवीवरील आकड्याकडे वळू. चांगल्या सुधारित वाणापेक्षा संकरित भात शेकडा १५ ते २० अधिक उतरतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु तो आकडा ज्या शेतात मोजलेला असतो, तेथे जमीन सपाट, पाणी गोडे व हातचे, खत वेळेवर आणि रोगराईवर नजर, अशी सर्व अनुकूलता असते. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच्या शेताचा असतो.

आपल्या जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, भाताची दोन संशोधन केंद्रे आहेत. एक कर्जतला, १९१९ साली स्थापन झालेले; दुसरे पनवेलला, खारभूमीसाठी. दोन्ही आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहेत आणि एकमेकांपासून फार लांबही नाहीत. मग एका जिल्ह्यास, एकाच पिकासाठी, दोन केंद्रे कशास लागावी? मुलांनी नकाशा काढून पाहावा. कर्जत सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तेथे डोंगरावरून उतरणारे पाणी गोडे. पनवेलच्या पश्चिमेस खाडी आहे. तेथे भरतीचे पाणी बांधापर्यंत येते. ज्या बियाण्याने कर्जतला कणगी भरते तेच खाडीकाठी निम्म्यावर येऊ शकते. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. खारेपाटात ते जाड, तांबड्या तांदळाचा राता पेरीत. त्यातूनच ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ हे वाण निवडले गेले, आणि नंतर पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खार सोसणारे सुधारित वाण आले. पिशवीवरील मोठ्या आकड्यांच्या शर्यतीत ही नावे मागे दिसतात, म्हणून लोक त्यांस नाक मुरडतात.

खार भातास कसा मारतो, हे समजून घेण्याजोगे आहे. उन्हाळ्यात खारेपाटातील जमिनीतून पाणी वर चढते व उडून जाते. मीठ मात्र पृष्ठभागावर राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढेकळांवर पांढरी पूड दिसते ती हीच. मग पाऊस येतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो हे मीठ विरघळवून खाली व उघाडीवाटे बाहेर घालवितो. म्हणून खारेपाटात पहिल्या पावसाबरोबर घाई करून लावणी करू नये. दोन-चार वेळा पाणी भरून सोडून द्यावे. रोप कोवळे असताना त्यास मीठ सोसत नाही. पुढे ते थोडे धीट होते, आणि फुलोऱ्यात पुन्हा नाजूक होते. येथे खरी मेख आहे. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की मीठ पुन्हा वर चढू लागते. जे वाण तोवर निसवून दाणा भरू लागले ते तरले. जे तेव्हा कोठे फुलावर आले, त्याच्या लोंब्या पळंज राहतात आणि घरधनी खताला नाहीतर दैवाला दोष देतो.

जमिनीचा खारेपणा मातीच्या परीक्षेत विद्युत्-वाहकतेवरून सांगतात. त्याचे माप डेसिसायमन. समुद्राच्या पाण्याचा आकडा ५० च्या आसपास असतो. मातीचा ४ च्या वर गेला की जमीन खारी समजावी. भात सुमारे ३ पासूनच कुरकुरू लागतो, आणि मका तर २ च्याही आत. पालकांनी मे महिन्यात शेतातील पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून परीक्षेस पाठवावी. फार खर्चाचे काम नाही. पिशवीवरील आकड्याआधी हा आकडा वाचावा, असे मी त्या आजोबांस म्हटले. त्यांचे उत्तर लिहून ठेवण्याजोगे आहे : “मातीचा आकडा मला जिभेनं कळतो, मास्तर. पोराला शाळेत कळू दे.”

खारेपाटाबाहेर, गोड्या पाण्याच्या खाचरांत, प्रश्न दिवसांचा असतो. आपले शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे व गरवे असे भाग पाडतात. म्हणजे लवकरचे, मधले व उशिराचे. बी पेरल्यापासून हळवे साधारण चार महिन्यांच्या आत, गरवे साडेचार महिन्यांच्या पुढे. कर्जत-३ व कर्जत-७ हळव्यांत येतात, कर्जत-५ व कर्जत-६ आणि १९६८ साली आलेला जुना ‘जया’ निमगरव्यांत, कर्जत-२ गरव्यांत. ‘सह्याद्री’ सुमारे १२५ ते १३० दिवस घेतो. उंचवट्यावरील शेतात, जेथे पाऊस थांबताच आठवड्यात भेगा पडतात, तेथे हळवे भातच हवे. सखल शेतात, जेथे ऑक्टोबरातही घोट्याएवढे पाणी असते, तेथे हळवे लावले तर ते पाण्यातच पिकते. कापणार कसे आणि वाळविणार कोठे? तेथे गरवेच बरे. मधल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या व मनास येईल तेव्हा निचरा करता येणाऱ्या शेतात संकरित भाताचा आकडा खरा ठरण्याचा संभव सर्वांत अधिक.

आणखी एक हिशेब पुष्कळ जण विसरतात. भातानंतर त्या शेतात काय येणार? जमिनीत ओल आहे तोवर वाल टाकावा लागतो. भात पंधरा दिवस उशिरा निघाले तर वालाची ओल गेली. आणि वाल गेला तर जानेवारीतील पोपटीही गेली, जिच्याविषयी आमच्या वसतिगृहातील मुलांस प्रेम किती आहे ते त्यांच्या अधीक्षकांस विचारावे! अलिबागजवळ कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूस पांढरा कांदा होतो. त्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या माळांस मुंबईकर चांगला भाव देतात. ज्याचा कांदा चांगला पिकतो त्याने भाताच्या दोन-तीन क्विंटलांसाठी कांद्याचे दिवस खर्ची घालणे शहाणपणाचे नाही. बी निवडावयाचे ते एका पिकापुरते पाहून नव्हे, पावसापासून पावसापर्यंत शेतात काय काय येते ते पाहून.

आता पेंढ्याविषयी. हा विषय पुरुष मंडळी चटकन् उरकतात. पण गोठ्यात ज्या बायका राबतात त्यांच्या दृष्टीने तो दाण्याइतकाच महत्त्वाचा. जुनी भाते छातीइतकी उंच वाढत. खत दिले की आडवी पडत. फिलिपाइन्समध्ये १९६६ साली तयार झालेल्या ‘आय. आर. ८’ या बुटक्या वाणाने ही अडचण दूर केली, आणि त्यानंतरची बहुतेक सुधारित व संकरित भाते त्याच धर्तीची आहेत. तेव्हापासून ‘नव्या भाताला पेंढा नाही’ अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. उंच भातात वाळलेल्या झाडाच्या वजनापैकी साधारण तिसरा हिस्सा दाणा असतो. बुटक्यात जवळजवळ निम्मा. समजा, एका शेतात जुने भात वीस मण दाणा देत होते; तर पेंढा चाळीस मण झाला. त्याच शेतात नवे भात चाळीस मण दाणा देऊ लागले, तर पेंढाही चाळीस मणच भरेल. म्हणजे वजनाने तूट नाही. तूट असते ती लांबीची. आखूड पेंढ्याचे भारे नीट बांधले जात नाहीत, उडवी रचताना निसटतात आणि शाकारणीस तो निरुपयोगी. पण याच उदाहरणात नवे भात खारामुळे पंचवीस मणांवर आले, तर पेंढाही तेवढाच. मग जनावर उपाशी. दाण्याच्या आशेने चुकीचे बी घेतले असता प्रथम गोठा रिकामा होतो तो असा.

भाताचा पेंढा मुळात पोषणास हलकाच. तो सुधारण्याचा एक सोपा उपाय आहे. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून दाबावा, आणि वरून प्लास्टिकने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवावा. नंतर उघडून, वास उडून गेल्यावर, थोडा थोडा चारावा. सहा महिन्यांच्या आतील वासरांस देऊ नये, आणि ‘चार किलोने बरे तर आठाने अधिक बरे’ असे कोणी समजू नये. युरिया अधिक झाला तर जनावर दगावते.

ज्यांच्या विहिरीस हिवाळ्यात गोडे पाणी आहे, त्यांनी भातानंतर काही गुंठे मका करून पाहण्यास हरकत नाही. पावसाळ्यात तो आपल्या दलदलीत टिकत नाही, आणि खारेपाटात तर त्याचे नावच नको. मक्याचा मुरघास दुभत्या जनावरास फार मानवतो. ताटे लहान लहान तुकडे करून, खड्ड्यात किंवा पिशवीत घट्ट दाबून हवाबंद ठेविली की, दुधाचे दही व्हावे तसा आंबटपणा येऊन ती टिकतात. सुमारे दीड महिन्याने चारा तयार होतो. मात्र येथेही उंचीस भुलू नये. नुसता उंच, हिरवागार मका दिसावयास भव्य असतो, पण मुरघासातील सत्त्वाचा मोठा भाग कणसात असतो. म्हणून दाणा व चारा दोन्ही हवे असतील तर कणीस भरघोस येणारे व पाने शेवटपर्यंत हिरवी ठेवणारे संकरित वाण घ्यावे. कापणीची वेळ दाणा नखाने दाबून ठरवावी : दूध निघाले तर लवकर, नख लागेनासे झाले तर उशीर, पिठासारखा मऊ लागला तर तीच वेळ. केवळ हिरव्या वैरणीसाठी ‘आफ्रिकन टॉल’ हे उंच वाण आहे. ते संकरित नव्हे. म्हणून जवळपास दुसरा मका नसेल तर शेताच्या मध्यभागातील कणसांचे बी घरी ठेवता येते.

बी कोणतेही घ्या, ते पारखून घ्या. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी चिठ्ठी असते. तीवर परीक्षेची तारीख व मुदत लिहिलेली असते. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या ‘सत्यप्रत’ बियाण्यास हिरवट चिठ्ठी असते. पावती पक्की घ्यावी. पेरल्यानंतर चिठ्ठी, पावती व पिशवीतील मूठभर बी पीक घरी येईतो जपून ठेवावे. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर तोंडी बोलण्यास कोणी किंमत देत नाही.

मुलांनी घरी करावयाचे दोन प्रयोग आहेत. पहिला : शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावे, फडके वाळू देऊ नये, आणि आठवड्याने किती रुजले ते मोजावे. ऐंशीपेक्षा कमी रुजले तर ते बी परत करण्याजोगे. दुसरा घरच्या बियाण्यासाठी : दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे व त्यात बी सोडावे. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकावे. तळाशी बसलेले बी दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी पडले त्या चार जागांचे वर्णन आहे, आणि बी मात्र एकच आहे. रविवारच्या वर्गात हा दाखला सांगताना मला हल्ली या मिठाच्या बादलीची आठवण होते. पण ते असो.

शेवटी, नवे बी सगळ्या शेतात एकदम टाकू नये. पाच गुंठे वेगळे काढून तेथे ते लावावे व शेजारी आपले नेहमीचे वाण ठेवावे; लावणी एकाच दिवशी, खत सारखेच. कापणीच्या वेळी दोन्हींचा दाणा व पेंढा वेगवेगळा तोलावा. हे तोलणे आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी सहज करू शकेल.

त्या आजोबांनी तसेच केले. आणलेली पिशवी त्यांनी घरामागच्या गोड्या पाण्याच्या पाच गुंठ्यांत लावली, आणि खाडीकडच्या शेतासाठी पनवेल-३ चे बी मिळविले. ते त्यांनी रहू करून, म्हणजे मोड आणून, चिखलावर फेकले. डिसेंबरात नातवाने वजनांची वही मला आणून दाखविली. घरामागच्या संकरित भाताने शेजारच्या वाणावर गुंठ्यामागे सात किलोंची सरशी केली होती. खाडीकडील पनवेल-३ चा दाणा त्याहून पुष्कळ कमी होता, पण पळंज थोडके आणि पेंढ्याची उडवी गोठ्याच्या वळचणीला लागलेली. वहीच्या शेवटच्या पानावर, आजोबांनी सांगितल्याप्रमाणे, दोन ओळी होत्या : पनवेलचे बी कणगीत वेगळे ठेवले आहे, दुसरे मे महिन्यात बाजारातून आणावयाचे, घरचे पेरावयाचे नाही.